चार फुटांचा समुद्र

नाना पेठेतला आमचा वाडा पाडून तेथे नवी इमारत बांधण्याचे ठरले, तेव्हा घरातील प्रत्येकाला आपापल्या वस्तूंची चिंता लागली. बाईंना (आमच्या मातोश्रींना आम्ही सारी भावंडे बाईच म्हणतो) तांब्यापितळेच्या हंड्यांची, सौभाग्यवतींना लोणच्याच्या बरण्यांची आणि मला वडिलांच्या काळापासूनच्या रोजकीर्द-खतावण्यांची. सामानाची यादी मीच लिहीत होतो. तीन पाने भरल्यावर पुतणीने ती हातात घेतली, वरून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, “मोठे पप्पा, यात टँक नाही.”

खरेच नव्हता. माझ्या धाकट्या भावाच्या खोलीतली ती काचेची पेटी मी यादीत घातलीच नव्हती. विसरलो होतो असे म्हणणे सोपे आहे. पण खरे सांगायचे, तर तिचे काय करायचे हा प्रश्न मला नको होता.

भावाला जाऊन तीन वर्षे झाली. भुसाराच्या व्यापारात तो माझ्या बरोबरीने होता, पण त्याचे मन या पेटीत असे. आपल्यासारख्या घरात मासे पाळण्याचा छंद कसा शिरला, असे अनेक पाहुणे विचारीत. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला खरेदीला गेलो असता मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय आम्ही दोघांनी पाहिले होते. मी तेथून बाहेर पडलो, तो बहुधा पडलाच नाही. पुढे चाळिशीत त्याने ही पेटी करवून घेतली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. गोड्या पाण्याची नव्हे, खाऱ्या पाण्याची. त्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशांची एक जोडी, एक निळा डॅमसेल, चार-सहा गोगलगायी आणि शंखात राहणारे दोन खेकडे. समुद्रातून पकडून आणलेला जीव मी घेणार नाही, असे त्याने बाईंना वचन दिले होते. क्लाउन मासे बंदिस्त पाण्यात वाढविता येतात. आपल्या देशातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र बसविले आहे. असे पैदास केंद्रातले मासे त्याने शोधून आणले. प्रवाळ त्याने ठेवले नाहीत. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवीत असे. त्याच्या पेटीतले दगडही त्याने सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा कालवून स्वतःच्या हाताने ओतले होते.

बाईंना तरीही ते कधी पटले नाही. प्रतिक्रमणात अहिंसेच्या व्रताचे जे पाच अतिचार आपण आठवतो, त्यांत पहिलाच बंध आहे, म्हणजे मुक्या जिवाला बांधून ठेवणे. “पिंजरा काचेचा केला म्हणजे पिंजरा राहत नाही का रे?” असे त्या त्याला विचारीत. तो हसून गप्प बसे. शिवाय माशांच्या खाद्याच्या डबीवर काय लिहिले आहे हे त्यांनी एकदा माझ्याकडून वाचून घेतले. त्यात मत्स्यपीठ होते. त्यानंतर ती डबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. पण ती घरातून बाहेर टाका, असेही बाई म्हणाल्या नाहीत. कारण पाचवा अतिचार भक्तपानविच्छेद आहे. आश्रित जिवाचे अन्नपाणी तोडणे. एका बाजूने बंध, दुसऱ्या बाजूने विच्छेद, आणि मध्ये ती पेटी. आमच्या घरात ही अशी कित्येक वर्षे उभी होती.

भाऊ गेल्यावर भावजयीने वर्षभर त्या खोलीत पाऊल ठेवले नाही. पेटीचे सारे पुतणीच पाहत असे. मग एका रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टरही बंद पडला. पाण्यात हवा सोडणारा पंप थांबला. पुतणी कॉलेजच्या सहलीला गेलेली. पहाटे मी उठलो, तेव्हा भावजय कंदील लावून पेटीशेजारी स्टुलावर बसली होती. लोट्याने पाणी उचलायचे आणि उंचावरून पुन्हा पेटीत सोडायचे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. रात्री दोनपासून ती तेच करीत होती. मी काही बोललो नाही. दुसरा लोटा घेतला.

म्हणून पुतणीने यादी परत माझ्या हातात दिली, तेव्हा मी टँक लिहिले. अनुक्रमांक ११२.

नातेवाइकांनी तोडगे पुष्कळ सुचविले. एकाने विक्रेत्याला परत देण्याचे सुचविले. तो घ्यायला तयारही होता, पण पुढे ते मासे कोणाच्या घरी जातील आणि किती दिवस जगतील याची हमी तो देईना. दुसऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी जीवदयेच्या कळकळीने म्हटले, “अलिबागला न्या आणि समुद्रात सोडून द्या. पुण्यही लागेल.” माझ्या मनाला ते क्षणभर फार बरे वाटले. पण पुतणीने समजावून सांगितले, की हे मासे आपल्या किनाऱ्याचे नव्हेत. आपल्या देशात त्यांची ही जात अंदमान-निकोबारकडे आढळते. तेथे समुद्रपुष्पांच्या दंश करणाऱ्या बाहूंमध्ये ते आसरा घेतात. जन्मापासून काचेत वाढलेला आणि डबीतले दाणे खाणारा मासा कोकणच्या गढूळ पाण्यात सोडला, तर एका दिवसात कोणाच्या तरी तोंडी जाईल. आणि जगलाच, तर परक्या पाण्यातला रोग तेथल्या जिवांना देईल. बाई ऐकत होत्या. म्हणाल्या, “मग ते सोडणं नव्हे, टाकणं झालं.” विषय तेथेच संपला.

मी व्यापारी माणूस. कोणतेही काम अंगावर आले, की आधी वजन काढतो. पेटीत दोनशेवीस लिटरच्या आसपास पाणी, समुद्राचे म्हणून साध्या पाण्याहून किंचित जड. काच दहा मिलिमीटर जाडीची, म्हणजे नुसती पेटीच पन्नास किलोच्या घरात. दगड तीस किलो, वाळू पंचवीस. एकूण तीन क्विंटलांहून अधिक. मार्केट यार्डातले आमचे हमाल क्विंटलाची पोती लीलया उचलतात, तेव्हा भरलेली पेटी चार जणांनी उचलून टेंपोत ठेवावी, असे मला वाटत होते. पुतणीने कपाळाला हात लावला. पेटीचे जोड सिलिकॉनचे असतात. तळ सपाट टेकलेला असतो तोवरच ते पाण्याचा भार सोसतात. उचलताना एक कोपरा जरी वाकला, तरी जोड सुटतो. त्यामुळे सारे रिकामे करून, वेगवेगळे नेऊन, पुन्हा मांडायचे.

पण पेटी रिकामी करणे म्हणजे हंडा रिकामा करणे नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषासारखा असतो. दगडांवर आणि वाळूत न दिसणारे जिवाणू वस्ती करून असतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि ते माशांना बऱ्याच प्रमाणात सोसते. ही वस्ती बसायला कित्येक आठवडे लागतात आणि मरायला दगड काही तास कोरडा पडला तरी पुरते. म्हणजे न्यायचे ते मासे नव्हेत, ही वस्ती. ती नीट पोहोचली तर मासे जगणार. पेढीचे स्थलांतर केलेल्या माणसाला हे लगेच उमगते. गाळा नवा घेता येतो, गिऱ्हाईक मात्र जुनेच न्यावे लागते.

गृहप्रवेशाचा मुहूर्त माघातला निघाला होता. पुतणीचे म्हणणे, पेटी चार दिवस आधी गेली पाहिजे. प्रवेशाच्या गडबडीत, धूप-दिव्यांच्या धुरात आणि पाहुण्यांच्या वर्दळीत ती मांडता येणार नाही. वास्तूची पूजा होण्यापूर्वी नव्या घरात आधी मासे राहायला जाणार, हे सौभाग्यवतींना अजब वाटले. बाईंनी निकाल दिला. “मुक्या जिवांना मुहूर्त कसला? जाऊ देत.”

दुसरी अडचण खाण्याची. नेण्यापूर्वी दीड-दोन दिवस माशांना खायला घालायचे नसते. पोट भरलेले असेल, तर वाटेत डब्यातल्या थोड्याशा पाण्यात घाण होते आणि अमोनिया चढतो. हे बाईंना कसे सांगायचे, या विचारात मी दोन दिवस काढले. शेवटी पुतणीनेच सांगितले. बाई बराच वेळ माळ फिरवीत राहिल्या. मग म्हणाल्या, “मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी मलाही उपाशी ठेवलं होतं.” त्या दिवशी त्यांनी उपवास धरला. कारण कोणी विचारले नाही.

आदल्या रात्री नवे पाणी तयार केले. जुने एकशेसाठ लिटर नेता येणार होते, उरलेले साठ नवे करायचे. साधे खाण्याचे मीठ येथे चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम असे पुष्कळ क्षार असतात. त्या प्रमाणात बनविलेले मीठ मिळते. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम. साठ लिटरला दोन किलो शंभर ग्रॅम मी दुकानाच्या काट्यावर मोजून आणले. ते आर.ओ.च्या पाण्यात घालून रात्रभर पंपाने घोळत ठेवले. सकाळी पुतणीने मापक लावून पाहिला. विशिष्ट गुरुत्व १.०२५. “मोठे पप्पा, अचूक!” इतक्या वर्षांच्या व्यापारात माझ्या वजनाला मिळालेली ही सर्वांत प्रामाणिक पावती असावी.

पहाटे पाचला काम सुरू झाले. थंडी चांगलीच होती, आणि या पाण्याला पंचवीस-सव्वीस अंशांची ऊब लागते. म्हणून झाकणाचे नवे आठ डबे थर्मोकोलच्या खोक्यांत बसविले होते. नवे अशासाठी, की तेलाचा किंवा साबणाचा अंशही चालत नाही. आधी स्वच्छ पाणी काढून डबे भरले. मग दगड, पाण्यात बुडवलेलेच. मासे शेवटी. दगड निघाल्यावर लपायला जागा उरत नाही, मग पकडताना धावाधाव कमी होते. मोठा क्लाउन मासा, म्हणजे मादी, हाताला सरळ धडका देत होता. या जातीत सारे मासे आरंभी नरच असतात. जोडीतला मोठा तो मादी होतो. घरचा कारभार तिच्याकडे. निळा डॅमसेल सापडायला मात्र अर्धा तास लागला.

उरली वाळू. वरचा थर पांढरा, पण तळाशी काळा पट्टा पडलेला. त्याला हात लागताच सडक्या अंड्याचा वास खोलीभर पसरला. हवा न पोहोचलेल्या थरात हा विषारी वायू साचतो. पुतणी म्हणाली, वरची वाळू घेऊ, खालची टाकून देऊ.

“आणि त्यातले जीव?” बाई दारात उभ्या होत्या.

वाळूत बारीक कृमी होते, ते डोळ्यांना दिसत होते. शंख, शिंपले, कृमी हे बेइंद्रिय, हे आपल्याकडे पाठशाळेतले मूलही सांगते. पुतणीला उत्तर सुचेना. बाईंनी आपले पाणी गाळायचे जाड दुपदरी गरणे आणले. माझ्या लहानपणी विहिरीचे पाणी गाळून झाले, की गरण्यात राहिलेली जीवाणी त्या त्याच विहिरीत, पाण्याच्या पातळीपर्यंत भांडे सोडून, हलकेच परत करीत. जेथला जीव तेथेच जायला हवा. विहीर बुजली, नळ आला, तरी गरणे सुटले नाही. त्या सकाळी शहाऐंशी वर्षांची ती बाई पाटावर बसून पेटीच्या जुन्या पाण्यात काळी वाळू खळबळवीत होती आणि पाणी गरण्यातून गाळीत होती. जे वळवळणारे सापडे, ते उलट्या गरण्याने एका वेगळ्या बादलीत सोडीत होती. हमाल दोरखंड बाजूला ठेवून पाहत राहिले. त्यांच्यातला एक वयस्कर मला हळूच म्हणाला, “शेठ, घाई नाही. म्हातारीचं होऊ द्या.”

त्या बादलीला पुतणीने तांबडी दोरी बांधली. “ही पेटीत ओतायची नाही,” ती मला दोनदा म्हणाली. “यात खालची घाण आहे. आठ दिवस वेगळी ठेवू, हवा सोडू, पाणी बदलू. मग बघू.”

टेंपो सेव्हन लव्हज चौकातून मार्केट यार्डावरून बिबवेवाडीला गेला. भावजय मागे डब्यांशेजारी बसली, बॅटरीवरचे छोटे पंप सांभाळीत. हे अंतर पाच-सहा किलोमीटरांचे आहे. प्रत्येक गतिरोधकापाशी मी चालकाच्या खांद्यावर हात ठेवीत होतो. नव्या घरात जागा आधीच पाहून ठेवली होती. तुळईलगतच्या भिंतीशी, जेथे ऊन येत नाही. आधी वरची वाळू, मग दगड, मग पाणी. दुपारी दोनला मासे सोडले, आणि चारला इमारतीची वीज गेली. सोसायटीचा जनित्र अजून जोडलेलाच नव्हता. तीन तास बॅटरीचे पंप चालले.

संध्याकाळी पुतणी दमून आडवी झाली. पेटीत पाणी तीन बोटे कमी दिसत होते, वाटेत काही सांडले असावे. तांबडी दोरी बांधलेली बादली कोपऱ्यात होती. वरचे पाणी निवळून स्वच्छ झाले होते. बाई तिच्याजवळ बसून म्हणाल्या, “एवढ्याशा बादलीत गुदमरतील रे हे. त्यांचं घर तर समोरच आहे.” मला बाईंचे म्हणणे खरे वाटले. आणि मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या व्यापाऱ्याला हेही वाटले, की पंधरा लिटर तयार खारे पाणी वाया का घालवायचे? मी बादली उचलली आणि हलकेच, जीवाणी परत करावी तसे, पेटीत सोडले. तळाचा गाळही गेला.

दुसऱ्या दिवशी काही दिसले नाही. तिसऱ्या दिवशी पुतणीने तपासणीच्या कुपीत औषधाचे थेंब घातले. पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हिरवट झाले. अमोनिया. ती चक्रावली. “आपण सगळं नीट केलं होतं,” असे पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी गप्प होतो. तिने पन्नास लिटर पाणी बदलले, रात्री पुन्हा पन्नास. मी मीठ मोजून देत राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी निळा डॅमसेल दगडाआड आडवा पडलेला भावजयीला दिसला.

सोसायटीच्या बागेत चाफ्याचे एक रोप नुकतेच लावले होते. त्याच्या आळ्यात त्याला पुरले. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसलो, आणि पाच अतिचारांचे शब्द आले तेव्हा माझी जीभ अडखळली. बांधले नव्हते, मारले नव्हते, उपाशीही ठेवले नव्हते. वाचवायला म्हणून ओतले होते. या घटनेला त्या पाचांत जागा कोठे, ते मला सापडेना. रात्री मी पुतणीला बादलीची गोष्ट सांगितली. तिने माझ्याकडे पाहिले. रागावली असती तर बरे झाले असते. “दोरी बांधली होती ना, मोठे पप्पा,” एवढेच म्हणाली आणि कुपी धुवायला गेली.

बाईंना मी सांगितलेले नाही. हा अंक त्यांना वाचून दाखवताना हे पान कसे टाळायचे, याचा विचार चालू आहे. पण त्या पाने मोजतात.

पुढच्या दहा-बारा दिवसांत कुपीतले पाणी पुन्हा पिवळे झाले. गृहप्रवेश झाला, पाहुणे येऊन गेले, पोरांनी काचेवर बोटांचे ठसे उमटवले. क्लाउन जोडी भावाने ठेवलेल्या मातीच्या कुंडीपाशी परत नांदू लागली. परवा सकाळी भावजय मोठ्याने हाका मारीत आली. कुंडीच्या आतल्या बाजूला केशरी दाण्यांचा एक तळहाताएवढा पट्टा चिकटलेला होता, आणि नर मासा पंखांनी त्यावर सारखे पाणी घालीत होता. अंडी. नाना पेठेत इतक्या वर्षांत कधी घातली नव्हती.

पुतणी वाचत बसली आहे. आठवडाभरात, अंधार पडल्यावर, ती फुटतील. पिल्ले डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी असतात. पंप चालू राहिला तर त्यात ओढली जातील, म्हणून दुसरी छोटी पेटी हवी. पहिले काही दिवस त्यांना कोरडे खाद्य चालत नाही. पाण्यात वाढविलेले अतिसूक्ष्म जिवंत प्राणीच लागतात. हे वाक्य तिने मोठ्याने वाचले आणि थांबली. बाई शेजारच्या खोलीत होत्या.

“काय लागतं म्हणालीस?” त्यांनी आतून विचारले.